रंगभूषा व केशभूषेचे शिक्षण : निवड कशी करावी?

(नाभिक समाजाच्या वार्षिक मेळाव्यात, विद्यार्थी गुणगौरव प्रसंगी जालना येथे दिलेले व्याख्यान)



गुणगौरवाच्या प्रसंगी शिक्षकाने बोलावयाचे ते बहुधा अभ्यासाविषयी आणि टक्केवारीविषयी. यंदा चालकांनी आम्हांस दिलेला विषय मात्र आपल्या उंबरठ्याच्या आतला आहे. दहावी-बारावी उत्तीर्ण झालेल्या आपल्या कित्येक मुली, आणि काही मुलगेही, रंगभूषा व केशभूषा यांचे रीतसर शिक्षण घेऊ इच्छितात. वर्ग कोणता निवडावा, शुल्क किती द्यावे, प्रमाणपत्राला किंमत आहे की नाही, असे प्रश्न पालक आम्हांस विचारतात. आम्ही वस्तऱ्याऐवजी खडू हाती धरलेला. तेव्हा धंद्याचे बारकावे सांगण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु शिकणे कशास म्हणावे आणि शिकविणे कशास म्हणावे, हे तीन तपे वर्गात उभे राहून आम्ही पाहिले आहे. त्या आधारावर चार शब्द सांगतो.

आपल्या पूर्वजांनी ही विद्या कोठे शिकली? बलुतेदारीच्या काळात मराठवाड्यात आपणांस वारिक म्हणत. बापाच्या शेजारी बसून मुलगा प्रथम वस्तऱ्याला धार लावण्यास शिके, मग मुलांचे केस कापी, आणि हात बसल्यावरच मोठ्यांच्या दाढीला हात घाली. शुल्क नव्हते, प्रमाणपत्र नव्हते. पण शिकविणारा स्वतः जाणकार होता आणि शिकणाऱ्याच्या पुढे रोज खरे गिऱ्हाईक बसत होते. या पद्धतीत उणीव एकच, परंतु ती फार मोठी होती. घरातील मुलीला या विद्येत वाटा नव्हता.

आज नेमके त्याच ठिकाणी चित्र पालटले आहे. लग्नघरी नवरीच्या शृंगाराला, तिच्या अंबाड्याला आणि खोप्याला जो मोबदला मिळतो, तो पुष्कळदा दिवसभराच्या दाढी-कटिंगहून अधिक असतो. हे काम करणाऱ्या बहुतांशी स्त्रिया आहेत व त्या सर्व जातींच्या आहेत. त्यात वावगे काहीच नाही. परंतु ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या कात्री चालली, त्यांचीच मुलगी या विद्येवाचून राहिली, तर तो दोष दुसऱ्या कोणाचा म्हणावा?

स्त्रीच्या बाजूने उभे राहणे आपल्या समाजाला नवे नाही. १८९० साली मुंबईत सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने आपल्या बांधवांनी विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार केला. रोजच्या मिळकतीवर पाणी सोडून त्यांनी तो निर्णय घेतला होता. त्याच मुंबईत, चित्रपटव्यवसायात, पुढे निराळाच नियम रूढ झाला. स्त्रियांनी केवळ केशभूषा करावी, रंगभूषाकाराचा परवाना पुरुषांनाच मिळेल, असा तेथील कारागीर संघटनेचा दंडक अनेक दशके चालला. चारू खुराना या परदेशात शिक्षण घेतलेल्या रंगभूषाकार स्त्रीलाही सभासदत्व नाकारण्यात आले. अखेर १० नोव्हेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. दीपक मिश्रा व न्या. उदय लळीत यांच्या खंडपीठाने तो दंडक घटनाबाह्य ठरविला. न्यायालयाने दार उघडले. आपल्या घरचे दार उघडणे हे आपलेच काम आहे.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. शिक्षणाचे मार्ग ढोबळमानाने चार आहेत. पहिला मार्ग औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचा, म्हणजे आय.टी.आय.चा. तेथे कॉस्मेटॉलॉजी नावाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम असून त्यास दहावी उत्तीर्ण ही पात्रता लागते. शेवटी अखिल भारतीय परीक्षा होऊन राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळते. सर्वच संस्थांत हा अभ्यासक्रम नसतो. म्हणून आपल्या तालुक्यास जवळची संस्था कोणती, ते प्रवेशाचा अर्ज भरण्यापूर्वी विचारून घ्यावे. दुसरा मार्ग ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेचा. बँकांमार्फत चालणाऱ्या या संस्थांत ब्यूटी पार्लरचा सुमारे महिनाभराचा वर्ग विनाशुल्क असतो व राहण्या-जेवण्याची सोयही केलेली असते. पाया घालण्यास तो उत्तम. तथापि एका महिन्यात कोणी पारंगत होत नाही, हे ध्यानी असावे.

तिसरा मार्ग पी.एम. विश्वकर्मा योजनेचा. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या या योजनेत १८ व्यवसाय असून त्यांत नाभिक व्यवसाय आहे. पाच ते सात दिवसांचे मूलभूत प्रशिक्षण, त्या काळात दररोज ५०० रुपये विद्यावेतन, साधनांसाठी १५,००० रुपये, आणि पुढे तारणाशिवाय १ लाख रुपयांपर्यंत पहिले कर्ज ५ टक्के व्याजाने, असे तिचे स्वरूप आहे. ही योजना नवशिक्यांची नव्हे, तर धंद्यात प्रत्यक्ष हात असलेल्या कारागिरांची आहे. शिवाय एका कुटुंबातून एकाच व्यक्तीस तिचा लाभ मिळतो. या अटीकडे आम्ही शेवटी पुन्हा येऊ.

चौथा मार्ग खासगी वर्गांचा. आणि पालकांचे पैसे अडकतात ते येथेच. चांगले खासगी वर्ग अवश्य आहेत. परंतु आमच्या पाहण्यातील एका कुटुंबाने मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले सोने गहाण टाकून एका मोठ्या शहरातील वर्गाचे शुल्क भरले. मुलगी परत आली ती चकचकीत प्रमाणपत्र आणि छायाचित्रांची जाड वही घेऊन. सबंध वर्गात तिने नवरीचा शृंगार स्वतःच्या हाताने दोनदाच केला होता. बाकीचे दिवस तिने शिक्षिकेचे हात पाहण्यात घालविले. पोहणे काठावर बसून येत नाही, तसेच हेही आहे.

यास्तव आमची पहिली सूचना अशी की, शुल्क विचारण्यापूर्वी खुर्च्या मोजाव्यात. गणित सोपे आहे. वर्गात २० मुली, सरावाच्या खुर्च्या ५ आणि वर्ग रोज ३ तासांचा असेल, तर खुर्च्यांचे मिळून १५ तास होतात. प्रत्येकीच्या वाट्याला ४५ मिनिटे येतात. तीस दिवसांत साडेबावीस तास! तेवढ्यात कात्री, रंग आणि शृंगार हे तिन्ही कसे बसावे? म्हणून एक दिवस वर्गात बसून पाहू द्यावे, अशी विनंती करावी. जो वर्ग पाहू देत नाही, त्याला दुरूनच नमस्कार करावा. सराव केवळ पुतळ्याच्या डोक्यावर होतो की जिवंत माणसांवर, हेही पाहावे.

दुसरी सूचना अशी की, काय शिकवितात ते बारकाईने विचारावे. नुसता नवरीचा शृंगार शिकलेल्या मुलीची मिळकत लग्नसराईपुरती असते. आषाढात देवशयनी एकादशी आली की तुळशीच्या लग्नापर्यंत आपल्याकडे शुभकार्ये फारशी होत नाहीत. ते चार महिने घर चालते ते केस कापणे, भुवया कोरणे, केसांना रंग लावणे यांवर. म्हणून ही नित्याची कामे ज्यात आहेत तोच अभ्यासक्रम घ्यावा. शृंगाराचीही आपल्या मातीची कसोटी आहे. मे महिन्याच्या उन्हात, घाम पुसत उभ्या असलेल्या, आदल्या दिवशीची हळद अंगावर असलेल्या सावळ्या मुलीचा चेहरा तिचाच राहील आणि तरीही खुलेल, असे शिक्षिकेस साधते काय? सावळीला पांढरीफटक करणे ही विद्या नव्हे. मुंडावळ्या, गजरे आणि अक्षता सोसून अंबाडा रात्रीपर्यंत ढळला नाही पाहिजे, हेही शिकवावे लागते.

तिसरी सूचना आरोग्याची. केसांच्या कित्येक रंगांत पॅराफेनिलीनडायमीन नावाचे द्रव्य असते. काहींच्या त्वचेला ते सोसत नाही, चेहरा सुजतो. म्हणून रंग लावण्यापूर्वी ४८ तास कानामागे किंवा कोपराच्या आतील बाजूस थोडासा लावून पाहण्याची रीत आहे. दर गिऱ्हाइकास नवे पाते, धुतलेले ब्रश, आणि डोळ्यांत घालावयाच्या काजळाची कांडी एकीची दुसरीला न वापरणे, हे नियम जेथे पहिल्याच आठवड्यात शिकवितात, तो वर्ग चांगला समजावा. कावीळ ब आणि क यांचे विषाणू रक्ताच्या थेंबातूनही पसरतात. गिऱ्हाईक आपले मस्तक आपल्या हाती सोपविते, तो विश्वास या धंद्याचे भांडवल आहे.

चौथी सूचना पैशांची. शुल्कात साधनपेटी धरली आहे काय, कर वेगळा आहे काय, मध्येच शिक्षण सुटल्यास रक्कम परत मिळेल काय, हे लेखी घ्यावे. मग पाटीवर मांडावे. समजा शुल्क ६०,००० रुपये आहे आणि एका नवरीमागे सामान व प्रवास वजा जाता २,००० रुपये हाती उरतात. तर शुल्क फिटण्यास ३० नवऱ्या लागतील. नवख्या मुलीला आपल्या गावी त्या किती हंगामांत मिळतील, याचे प्रामाणिक उत्तर घरीच द्यावे. प्रमाणपत्रावर कोणत्या शासकीय मंडळाचे वा परिषदेचे नाव आहे, आणि त्या मंडळाकडे त्याची खातरजमा होते काय, हे पाहावे. ‘आंतरराष्ट्रीय’ हा शब्द छापण्यास शाई तेवढीच लागते.

आता शेवटचा मुद्दा. एका कुटुंबातून एकच नाव, अशी अट आली की आपली लेखणी आपोआप मुलाच्या नावाकडे वळते. मुलगा दुकान चालवीत असेल तर त्यात गैर काही नाही. परंतु ज्या घरी मुलगा नोकरीला लागला आणि मुलगी किंवा सून खरोखर कात्री चालविते, तेथेही नाव मुलाचेच का लागावे? आणि लग्नानंतर मुलगी विद्या घेऊन दुसऱ्या घरी जाईल, ही भीती कशासाठी? दागिना गहाण पडतो, रक्कम संपते. हातातील कला मात्र ती जेथे जाईल तेथे तिच्याबरोबर असते, आणि संकटात तीच तिच्या उपयोगी पडते.

संत सेना महाराजांनी आपल्या नित्याच्या कामातच भक्ती पाहिली. त्या कामाचा वारसा सांगताना आपण मुलगा आणि मुलगी असा भेद करू नये, एवढीच आमची विनंती. ज्या पालकांस वर्ग पाहावयास जावयाचे असेल, त्यांच्याबरोबर येऊन खुर्च्या मोजण्यास हा निवृत्त मास्तर केव्हाही तयार आहे.