हिम ओळखणारा पहारेकरी

जपानच्या पश्चिम किनाऱ्याकडील निइगाता प्रांतात नागाओका नावाचे शहर आहे. हिवाळ्यात सैबेरियाकडून येणारे थंड वारे समुद्रावरील बाष्प घेऊन येतात, डोंगरांना अडतात आणि या प्रदेशात विपुल हिमवर्षाव करतात. सह्याद्रीला अडून कोकणात पाऊस कोसळतो, तशातलाच हा प्रकार. फरक एवढाच, की पाऊस वाहून जातो. हिम मात्र रस्त्यावर ठाण मांडून बसते. शाळा, दवाखाना, बाजार, सारे काही त्यापायी अडते.

यावरचा उपाय शहराच्या पायाखालीच होता. भूजलाचे तापमान ऐन हिवाळ्यातही सुमारे १३ ते १४ अंश सेल्सिअस असते. जेथे ते झिरपते, तेथे हिम टिकत नाही. हे हेरून रस्त्यात नळ बसविण्याची कल्पना मांडण्याचे श्रेय तेथील खाद्यपदार्थांचे उद्योजक इमाई योसाबुरो यांना दिले जाते. १९६१ च्या सुमारास रस्त्याच्या मधोमध नळ पुरण्यात आले आणि त्यांच्या बारीक छिद्रांतून विहिरीचे पाणी रस्त्यावर खेळविण्यात आले. १९६३ च्या जानेवारीत प्रचंड हिमवृष्टीने सारा प्रदेश ठप्प झाला. त्या वेळी या नळांची उपयुक्तता सिद्ध झाली आणि हिमप्रदेशातील गावोगावी त्यांचा प्रसार झाला.

तथापि निसर्गाचा हिशेब चोख असतो. शून्य अंशावरील एक ग्रॅम बर्फ वितळण्यास सुमारे ८० उष्मांक म्हणजे कॅलरी लागतात. १३ अंशांचे एक ग्रॅम पाणी शून्यापर्यंत निवाले, तर त्यातून मिळतात केवळ १३. म्हणजेच एक किलो हिमासाठी किमान सहा लिटर पाणी हवे. प्रत्यक्षात त्याहून अधिकच लागते. थंडीच्या रात्री सर्वत्र पंप एकाच वेळी चालू लागले, तशी भूजलाची पातळी खाली गेली. काही भागांत तर जमीनच खचू लागली. रस्ता मोकळा ठेवणारे पाणी घराचा पाया हलवू लागले!

पंप बंद करणे शक्य नव्हते. पण गरज नसताना तो चालू ठेवणे टाळता येण्याजोगे होते. येथे संवेदक, म्हणजे सेन्सर, कामी आला. त्याच्या एका प्रकारात धातूचे दोन अग्र शेजारी शेजारी असतात आणि त्यांना किंचित ऊब दिलेली असते. हिमकण त्यावर पडून वितळला, की त्या पाण्यातून वीज वाहते व ओल कळते. जोडीचा तापमापक हवा गोठणबिंदूच्या आसपास आहे की नाही, ते पाहतो. नुसती थंडी असेल तर पंप चालू होत नाही. नुसता पाऊस असेल तरीही नाही. दोन्ही साक्षी जुळल्या, तरच कळ दाबली जाते.

दुसऱ्या प्रकारात डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश हवेत सोडतात. पडणाऱ्या कणांवरून तो परावर्तित होतो आणि त्यावरून कणांची मोजदाद होते. त्यामुळे हिम पडते आहे एवढेच नव्हे, तर किती जोराने पडते आहे, हेही कळते. तुरळक पडत असेल तर पाणी थांबून थांबून सोडता येते. जोर वाढला, की पुरवठाही वाढविता येतो.

मात्र हा पहारेकरी बसविला म्हणजे काम संपले, असे नव्हे. त्याच्यावर धूळ वा गंज चढला, झाडाची फांदी आडवी आली किंवा एखाद्या छपराखाली तो बसविला गेला, तर त्याची साक्ष खोटी ठरते. म्हणून हिवाळ्यापूर्वी त्याची साफसफाई व चाचणी करणे अगत्याचे असते.

महाराष्ट्राच्या रस्त्यांवर हिम पडत नाही. पण वीज येताच विहिरीवरचा पंप आपोआप सुरू करणारी कळ येथील शेतकऱ्याच्या चांगल्या परिचयाची आहे. ती कळ वीज आली की नाही एवढेच पाहते; पिकाला पाणी हवे की नको, हे तिला ठाऊक नसते. नागाओकाचा धडा नेमका हाच आहे. यंत्र आपोआप चालणे ही सोय होय. गरज ओळखून चालणे आणि वेळीच थांबणे, ही खरी काटकसर होय.