खोक्यातले काय ठेवावे?

गेल्या मे महिन्यात मी न्यू जर्सीला धाकट्या बहिणीकडे होतो. तिच्या मुलाच्या दहाव्या वाढदिवसाला मेहुण्यांनी बेसबॉलच्या कार्डांचे एक सीलबंद खोके आणले. खोक्यात पुडकी, पुडक्यांत कार्डे. सगळी मिळून दोनशेच्या वर. आकार आपल्या खेळण्याच्या पत्त्याएवढा. पुढे खेळाडूचे छायाचित्र, मागे त्याचे आकडे. आमच्या लहानपणी बबलगमच्या वेष्टनात क्रिकेटपटूंची चित्रे मिळत. त्यातलाच हा थोरला प्रकार म्हणा.

पुडकी फोडून झाली आणि जमिनीवर ढीग पडला. आता यातले ठेवायचे काय? आईचे म्हणणे, खणात मावेल तेवढेच. मुलाने वाटे घातले. अपुऱ्या संचातले हवे असलेले क्रमांक एकीकडे. दुबार आलेली अदलाबदलीसाठी. आवडत्या मेट्स संघाची वेगळी. पहिल्याच मोसमातल्या खेळाडूंच्या कार्डावर तशी खूण छापलेली असते. ती मोलाची समजतात, कारण पोरगा उद्या मोठा निघाला तर निघाला! एका कार्डावर तर एका नवख्या खेळाडूची खरीखुरी सही होती.

मेहुणे बाजूला बसून मोबाईलवर एकेकाची किंमत पाहत होते. मला म्हणाले, “दादा, याला कळत नाही. 1952 सालचं मिकी मँटलचं कार्ड 2022 मध्ये 1 कोटी 26 लाख डॉलरला गेलं.”

ही गोष्ट खरी आहे. पण तिची दुसरी बाजूही ऐकण्यासारखी आहे. ते कार्ड काढणाऱ्या टॉप्स कंपनीकडे 1952 चा माल शिल्लक राहिला. कोणी घेईना. शेवटी 1960 मध्ये कंपनीच्या साय बर्गर यांनी तो खोक्यांसकट नावेत भरून अटलांटिक महासागरात बुडवला, असे ते स्वतः सांगत. उरलेली कार्डे पोरांनी मळवली, आयांनी केरात टाकली. म्हणून जे धड राहिले त्याला मोल आले. हे ऐकून 1980 नंतर लोकांनी खोकीच्या खोकी न फोडता जपून ठेवली. कंपन्यांनीही भरमसाट छापली. सगळ्यांनीच जपले, त्यामुळे त्यातल्या बहुतेकांना आज कोणी विचारत नाही.

जेफरसन बर्डिक नावाचे एक गृहस्थ होते. सिराक्यूज गावी विजेच्या सामानाच्या कारखान्यात नोकरी, सांधे संधिवाताने आखडलेले. त्यांनी जन्मभर असले छापील कागद जमवले आणि तीन लाखांहून अधिक नग न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला देऊन टाकले. त्यांत बेसबॉलची कार्डे तीस हजारांवर. ती वह्यांत चिकटवण्याचे काम त्यांनी 1963 मध्ये पुरे केले आणि त्याच वर्षी ते वारले. बाजाराच्या दृष्टीने कार्ड चिकटवणे म्हणजे त्याची माती करणे! मला तो माणूस आवडतो.

शिक्षकबंधूंसाठी एक सांगतो. भाच्याने मला एक कार्ड उलटे करून विचारले, “मामा, पॉइंट तीनशे म्हणजे काय, माहीत आहे?” म्हणजे दहा वेळा फटकेबाजीला आला, तर तीनदा फटका लागू पडला. सातदा फसूनही तो चांगला खेळाडू. दशांश अपूर्णांक हा मुलगा शाळेआधी या कार्डांवर शिकला होता.

सहीच्या कार्डावरून मात्र वाद झाला. मित्राकडे संचातली चार कार्डे होती, नेमकी याला हवी असलेली. त्या बदल्यात हा सही द्यायला निघाला. मेहुणे चिडले. मुलगा म्हणाला, “पण खोकं माझं आहे ना, बाबा?” ते गप्प झाले. मग म्हणाले, “आठ दिवस थांब. तरीही वाटलं तर दे.” मला हे पटले.

आठवडाभर सहीचे कार्ड प्लॅस्टिकच्या पाकिटात फळीवर उभे होते. नंतर ते गेले, आणि संचाची चार घरे भरली. मेहुणे काही बोलले नाहीत. त्या खेळाडूच्या सामन्यांचा निकाल मात्र ते अजून रोज पाहतात, असे बहिणीने पत्रात लिहिले आहे.

एक कार्ड मुलाने कुठल्याच वाट्यात घातले नव्हते. मेट्सचा एक साधा गोलंदाज, बाजारात किंमत शून्य. वडिलांबरोबर पाहिलेल्या पहिल्या सामन्यात त्याने या पोराकडे बघून हात हलवला होता. ते कार्ड सदऱ्याच्या खिशात असे. मी निघालो तेव्हा त्याचे दोन कोपरे दुमडलेले होते.