सहलीला जाताना कोणाला विचारावे?



या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे अशी रीत आहे. आम्ही विद्वान नव्हे. आमचे शिक्षण रात्रशाळेत झाले आणि पुढचे गिरणगावातल्या एका मोफत वाचनालयाच्या बाकावर. व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी आम्हाला विषय विचारला, तेव्हा आम्ही बोनस किंवा ग्रॅच्युइटीवर बोलू अशी त्यांची कल्पना असावी. आम्ही म्हणालो, "सहलीवर बोलतो." ते हसले. पण विषय थट्टेचा नाही, हे शेवटी आपल्यालाही पटेल अशी आशा आहे.

परदेशच्या सहली ही एके काळी राजेरजवाड्यांची आणि बॅरिस्टरांची गोष्ट होती. आता निवृत्त कारकून आणि शाळामास्तरही पाच-पंचवीस जणांच्या तुकडीत विमानाने जाऊन येतात. याचा आम्हाला आनंदच आहे. ज्याने जन्मभर दुसऱ्याच्या भोंग्यावर पावले टाकली, त्याने चार दिवस स्वतःच्या मर्जीने चालावे. परंतु प्रवास सर्वांचा झाला म्हणजे प्रवासाचे प्रश्नही सर्वांचे होतात. त्यांतला एक असा : ज्या देशात जायचे तिथले राजकारण वाईट असेल, तर आपण जावे की न जावे?

हा प्रश्न आमच्यासमोर २०१८ साली आला. आमच्या युनियनमधून निवृत्त झालेल्या अकरा जणांनी ब्रह्मदेशात, म्हणजे आजच्या म्यानमारात, मंडालेला जायचे ठरवले होते. लोकमान्य सहा वर्षे जिथे कैदेत राहिले, 'गीतारहस्य' जिथे लिहिले गेले, ती भूमी एकदा पाहावी एवढीच त्यांची इच्छा. त्यांतले एकजण कचेरीत येऊन म्हणाले, "भाऊ, तिकडे बरीच गडबड आहे म्हणतात. आम्ही जावे का?" आम्ही कागदांतून मान वर न काढता उत्तर दिले, "अहो, तुम्ही काय तिकडे निवडणूक लढवायला निघालात? राजकारण राजकारणाच्या जागी, सहल सहलीच्या जागी. खुशाल जा."

ते गेले आणि सुखरूप परत आले. लोकमान्यांची कोठडी काही त्यांना पाहता आली नाही. तो तुरुंग जुन्या राजवाड्याच्या कोटात होता आणि कोटाचा बहुतेक भाग लष्कराच्या ताब्यात आहे. मग त्यांनी कोटाबाहेरच एक फोटो काढला आणि चौकटीत बसवून आम्हाला भेट दिला. पुढे संथ, रुंद पाण्याचा खंदक, पलीकडे लाल विटांचा तट, आणि काठावर आमची अकरा माणसे. तो फोटो आमच्या कचेरीत टांगलेला आहे.

पुढे १ फेब्रुवारी २०२१ ला तिथल्या लष्कराने सत्ता बळकावली. रेल्वेचे कामगार, डॉक्टर, शिक्षक काम सोडून रस्त्यावर उतरले. सोळा कामगार संघटना बेकायदेशीर ठरवण्यात आल्या. ही आमच्या जातीची, म्हणजे राबणाऱ्यांच्या जातीची गोष्ट. म्हणून आम्ही शब्दकोश शेजारी ठेवून त्या देशाविषयी वाचू लागलो. वाचता वाचता आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९९८ चा अहवाल हाती आला. ब्रह्मदेशात सक्तीची मजुरी सर्वदूर आणि पद्धतशीरपणे घेतली जाते, असा निर्वाळा चौकशी आयोगाने त्यात दिला आहे. लष्कराची ओझी वाहायला माणसे धरून न्यायची. रस्ते, रेल्वे, छावण्या बांधायला गावेच्या गावे जुंपायची. त्या पाठोपाठ आम्ही त्या काळचे इतर वृत्तांत पाहिले, आणि त्यांत आम्हाला मंडालेचा तो खंदक सापडला.

हकीगत अशी. लष्करी राजवटीने १९९६ हे 'म्यानमारला भेट द्या' असे वर्ष जाहीर केले. पाच लाख प्रवासी आणायचा मनसुबा होता. पाहुणे यायचे तर घर सारवले पाहिजे. मंडालेच्या कोटाची एकेक बाजू सुमारे दोन किलोमीटर लांब. तिच्या चहूबाजूंचा खंदक गाळाने भरला होता. तो उपसायला बेड्या घातलेले कैदी लावले आणि शहरातल्या घराघरांतून माणसे मागवली. ज्याच्यापाशी पैसे होते त्याने पैसे भरून सुटका करून घेतली; ज्याच्यापाशी नव्हते तो चिखलात उतरला. मजुरी नाही. आणि का? तर पाहुण्यांना फोटो चांगला यावा म्हणून!

आमच्या कचेरीतल्या फोटोत मागे चमकते ते हे पाणी. ज्या कैद्याला पाहायला आमची माणसे गेली, तो तिथे १९१४ पर्यंत होता. त्याच गावात त्यानंतर ऐंशी वर्षांनी दुसरे कैदी बेड्यांसह गाळ उपसत होते, आणि आम्हाला त्याचा पत्ताही नव्हता.

आता कोणी म्हणेल, "मग काय, कोणत्याच देशात जाऊ नये? निष्कलंक सरकार पृथ्वीच्या पाठीवर आहे तरी कुठे?" हा आक्षेप खरा आहे. सरकारांना गुण देत बसलो तर आपल्याला घराचा उंबराही ओलांडता यायचा नाही. आणि परदेशचा पाहुणा आपल्याही दारात थबकेल. म्हणून सरकार चांगले की वाईट, हा आमचा प्रश्नच नव्हे. मग प्रश्न कोणता? तो सांगण्यासाठी आम्हाला घरची एक गोष्ट सांगावी लागेल.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईचा गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. त्यांत आमचे वडील होते. आम्ही तेव्हा बारा वर्षांचे. चार-सहा महिन्यांत घरातली भांडी विकली गेली. चाळीत एक सज्जन गृहस्थ होते. ते वडिलांना म्हणाले, "अहो, पोरांची तोंडे सुकली. ती पाहून तरी कामावर जा." त्यांचा हेतू वाईट नव्हता. वडिलांनी शांतपणे उत्तर दिले, "काका, भूक आमची आहे. ती किती दिवस काढायची हे आम्हीच ठरवू." तो संप फसला, गिरण्या गेल्या, हे आपण जाणता. पण वडिलांचे ते वाक्य चुकले असे आम्हाला आजतागायत वाटलेले नाही.

बहिष्काराविरुद्ध नेहमी एक युक्तिवाद केला जातो : तुम्ही गेला नाहीत तर हॉटेलातला पोऱ्या, टांगेवाला, नावाडी उपाशी राहील. खरे आहे, राहील. संपातही कामगारच उपाशी राहतो. पण हा हिशेब त्या टांगेवाल्याच्या वतीने आपण परभारे मांडायचा नाही. तो त्याला विचारायचा. उपास ज्याला घडणार, निर्णय त्याचा. तो म्हणाला "येऊ नका", तर आपण त्याची भूक पुढे करून आपली सहल साजरी करायची नाही. तो म्हणाला "या", तर आपण आपल्या सोवळेपणासाठी त्याच्या ताटातली भाकरी काढून घ्यायची नाही.

हे नुसते तत्त्व नव्हे. असे घडले आहे. दक्षिण आफ्रिकेत काळ्या माणसाला माणूस मानत नसत. १९५९ साली अल्बर्ट लुथुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगाला सांगितले की आमच्या देशाच्या मालावर बहिष्कार घाला. आमच्या लोकांना झळ बसेल, पण हाल लवकर संपतील. मागणी सोसणाऱ्यांनी केली, म्हणून तिला वजन होते. १९८४ साली डब्लिनच्या एका दुकानातल्या मुलींनी तिथली फळे गल्ल्यावर विकायला नकार दिला आणि त्यापायी जवळजवळ तीन वर्षे संप केला. १९८७ साली आयर्लंडच्या सरकारला त्या देशाच्या शेतमालाची आयात बंद करावी लागली. नकार दिला तेव्हा त्या मुलींनी दक्षिण आफ्रिका डोळ्यांनी पाहिलीही नव्हती.

ब्रह्मदेशातही तसेच झाले. १९९० ची निवडणूक ज्यांनी जिंकली आणि ज्यांना सत्ता मिळाली नाही, त्या पक्षाच्या नेत्या आँग सान सू ची यांनी प्रवाशांना सांगितले होते : आत्ता येऊ नका, थांबा. आणि ज्या तक्रारीवरून तो चौकशी आयोग बसला, ती तक्रार कोणा सरकारची नव्हती. ती जून १९९६ मध्ये पंचवीस कामगार प्रतिनिधींनी केलेली होती. पुढे २०११ साली त्याच पक्षाने भूमिका बदलली : मोठे लष्करी धंदे पोसणारे नकोत, पण साधे प्रवासी येऊ देत. म्हणजे दार बंद करणाऱ्यांनीच ते किलकिले केले.

तेव्हा आमची अकरा माणसे २०१८ साली गेली ती चुकली काय? आम्ही यावर पुष्कळ विचार केला. त्यांचे जाणे चूक नव्हते. त्यांनी विचारले असता आम्ही मान वर केली नाही, ही चूक होती. कारण त्याच्या आदल्याच वर्षी, २०१७ साली, लष्कराच्या अत्याचारांमुळे सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशात पळून गेले होते. आणि २०१९ च्या डिसेंबरात त्याच सू ची हेगच्या न्यायालयात आपल्या सरकारचा बचाव करायला उभ्या राहिल्या. यावरून आम्ही एक धडा घेतला. एका पुढाऱ्याचे नाव घेऊन मोकळे होता येत नाही. काल ज्याने दुःख सांगितले त्याला आज दुसऱ्याचे दुःख ऐकू येईनासे होते. म्हणून दर वेळी नव्याने विचारावे, आणि सर्वांत खालच्या पायरीवर कोण उभा आहे तिथपर्यंत जाऊन विचारावे. २०२१ नंतर तिथल्या कामगार संघटनांनी लष्कराची आर्थिक कोंडी करा अशी हाक दिली. आज कोणी आम्हाला मंडालेविषयी विचारले, तर ती हाक आम्ही त्याला आधी ऐकवू.

आता नाण्याची दुसरी बाजू. जानेवारी २०२४ मध्ये मालदीवच्या तीन उपमंत्र्यांनी आपल्या पंतप्रधानांविषयी अनुदार उद्गार काढले. त्यांच्या सरकारने त्यांना निलंबित केले. तरी आपल्याकडे बहिष्काराची लाट उठली. २०२३ साली दोन लाखांहून अधिक भारतीय तिथे गेले होते. २०२४ साली तो आकडा एक लाख तीस हजारांच्या आसपास आला. पुढे दोन्ही सरकारांनी हस्तांदोलन केले. आपला रुपया कुठे खर्चावा हा ज्याचा त्याचा अधिकार आहे, आणि मानापमानाची चीड आम्हालाही येते. पण ती चीड होती. तिला लढ्याचे नाव देऊ नये. खोल्या झाडणाऱ्या, जेवण वाढणाऱ्या कोणी आपल्याला "येऊ नका" म्हटले नव्हते, आणि त्यांत परदेशांतून पोटासाठी आलेले कितीतरी होते.

'बहिष्कार' हा शब्द महाराष्ट्राला शिकवायला नको. लोकमान्यांच्या चतुःसूत्रीत स्वराज्य आणि स्वदेशी यांच्या शेजारी तो बसला आहे. परंतु बाबासाहेबांनी १९२७ साली पत्र काढले त्याचे नाव 'बहिष्कृत भारत'. महाडच्या तळ्याचे पाणी प्यायल्याबद्दल अस्पृश्यांवर गावोगाव बहिष्कार पडला, दाणापाणी बंद झाले. शब्द एकच, पण एकदा तो दुबळ्याने बलवानावर उगारला आणि एकदा बलवानाने दुबळ्यावर. हत्याराला गुणदोष नसतो, ते खालून वर जाते की वरून खाली येते हे पाहावे.

मग साध्या माणसाने करावे काय? निघण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. पहिली, तिथल्या राबणाऱ्यांनी, तिथल्या भरडल्या जाणाऱ्यांनी आपल्याला काही सांगितले आहे काय? दुसरी, आपला रुपया कोणाच्या गल्ल्यात पडणार? हॉटेल कोणाच्या मालकीचे, हे सहल काढणाऱ्याला विचारायला लाजू नये. भाजी घेताना आपण याहून अधिक चौकशी करतो. तिसरी, परत आल्यावर पाहिले ते सगळे सांगणार काय, की फक्त फोटो दाखवणार?

शेवटी एक आठवण. २२ जुलै १९०८ ला लोकमान्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला : वर्षाला एक दिवस. त्यांना मजुरी बुडाली, कित्येकांनी गोळ्या खाल्ल्या. मंडाले कुठे आहे हे त्यांतल्या बहुतेकांना ठाऊक नसेल. तिकडे जायचे तर त्यांच्या स्वप्नातही नव्हते. आपण आता तिथे जाऊ शकतो, एवढाच आपल्यात आणि त्यांच्यात फरक. जाणे झाले तर त्यांचे वारस म्हणून जावे.

तो फोटो आम्ही भिंतीवरून काढलेला नाही. फक्त त्याखाली एक कागद चिकटवला आहे : "हा खंदक बिनमजुरीच्या माणसांनी उपसला." फोटोतल्या अकरांपैकी नऊजण हयात आहेत. त्यांनीच तो मजकूर वाचून पाहिला, आणि एकाने खाली आपल्या हाताने लिहिले, "आम्हाला माहीत नव्हते."

आम्हालाही नव्हते. पण विचारले असते तर कळले असते.