हाताला बसेल ती वस्तू
(आपल्या सुतार ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



या व्यासपीठावरून दरवर्षी शिक्षण, वसतिगृह, वधूवर-मेळावा आणि लग्नातील खर्च या विषयांवर विचार मांडले जातात, आणि ते योग्यच आहे. आम्ही मात्र आज आपणांपुढे गॅसच्या शेगडीची बटणे, लोटा, मतपत्रिका आणि छापील अर्ज यांविषयी बोलणार आहोत. विषय ऐकून कित्येकांच्या मुखावर स्मित उमटलेले आम्हांस दिसते. परंतु ज्यांच्या वाडवडिलांनी नांगर, तिफण, पाळणा आणि देव्हारा घडवून गावाचा संसार उभा केला, त्या समाजाने हा विषय आपला नव्हे असे म्हणणे शोभणार नाही. रोजच्या वापरातील वस्तू माणसाला सुखाने व निर्धास्तपणे वापरता यावी, एवढाच तो विषय आहे.

प्रारंभ आमच्या घरातील एका प्रसंगाने करतो. आमच्या थोरल्या वहिनींचे वय आज सत्त्याहत्तर आहे. चुलीपासून गॅसपर्यंत सर्व प्रकारच्या अग्नीशी त्यांनी संसार केला. दोन वर्षांपूर्वी पुतण्याने हौसेने चार बर्नरची नवी शेगडी आणली. एका सायंकाळी वहिनींनी एका बर्नरवर तेलाची कढई व दुसऱ्यावर वरण ठेवले होते. दाराशी कोणी आले म्हणून त्यांनी कढईखालचा गॅस बंद केला आणि त्या बाहेर गेल्या. बंद झाला तो वरणाखालचा. तेल तापत राहिले आणि पेटले. वहिनी धावत आल्या, बटण बंद करताना त्यांचे मनगट भाजले. सुनेने प्रसंगावधान राखून कढईवर मोठे ताट झाकले म्हणून अनर्थ टळला.

त्या रात्री घरात ठरले की, वहिनींनी यापुढे गॅसपाशी जावयाचे नाही. कोणी वाईट हेतूने तसे म्हटले नाही, परंतु ते म्हटले गेले. आणि आम्ही समाचारास गेलो तेव्हा वहिनी आम्हांस म्हणाल्या, “भाऊजी, माझं डोकं आता चालत नाही हो.” ज्या बाईने या घरातील लग्नामुंजीच्या पंक्तीच्या पंक्ती उठवल्या, तिच्या तोंडी हे शब्द ऐकून आम्हांस भाजलेल्या मनगटापेक्षा अधिक दुःख झाले.

आम्ही उठून त्या शेगडीपाशी गेलो. सुताराचा मुलगा वस्तू आधी हाताने पाहतो, तशी ती पाहिली. बर्नर चौकोनात, दोन पुढे व दोन मागे. त्यांची बटणे मात्र खाली एका सरळ ओळीत. कोणते बटण कोणत्या बर्नरचे, हे सांगण्यासाठी प्रत्येक बटणाखाली एक चिमुकली खूण छापलेली होती, आणि रोजच्या पुसण्याने ती निघून गेली होती. चार बटणे व चार बर्नर यांच्या जोड्या २४ प्रकारे लागू शकतात. म्हणजे वहिनींच्या हाताला रोज, प्रत्येक वेळी, २४ उत्तरांतून एक उत्तर आठवावे लागत होते. जुन्या दोन बर्नरच्या शेगडीत डावे बटण डाव्याचे, उजवे उजव्याचे. तेथे आठवण्यासारखे काही नव्हतेच. म्हणून आमचा निर्णय असा झाला की, त्या दिवशी डोके वहिनींचे चुकले नव्हते, शेगडी घडवणाऱ्याचे चुकले होते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड नॉर्मन यांनी १९८८ साली रोजच्या वस्तूंवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातही शेगडीच्या बटणांचे हेच उदाहरण त्यांनी विस्ताराने मांडले आहे. तेव्हा ही तक्रार एका घरातील किंवा एका वृद्धेची नव्हे.

बंधुभगिनींनो, वस्तूचा दोष माणसाच्या माथी मारण्याची खोड सर्वत्र आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या बी-१७ या बॉम्बफेकी विमानांचे वैमानिक विमान सुखरूप जमिनीवर टेकल्यावर पंखांच्या झडपा आवरण्याऐवजी चाकेच आत ओढून घेत, आणि विमान पोटावर आपटे. ‘वैमानिकाची चूक’ असा शेरा पडे. अल्फॉन्स चपॅनिस नावाच्या तरुण मानसशास्त्रज्ञाने जाऊन पाहिले, तो झडपांची आणि चाकांची कळ शेजारी शेजारी व आकाराने सारखी! त्याने चाकांच्या कळीला रबराचे लहानसे चाक आणि झडपांच्या कळीला पाचरीसारखा तुकडा बसवावयास सांगितले. अंधारात, थकलेल्या हातालाही फरक कळू लागला आणि तो घोटाळा थांबला. आजही प्रवासी विमानांत चाकांच्या कळीची मूठ चाकाच्या आकाराची असते. वैमानिक तेच होते, त्यांचे शिक्षण तेच होते. बदलली ती केवळ मूठ.

दुसरे उदाहरण राज्यकारभारातील आहे. सन २००० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत फ्लॉरिडा राज्यातील पाम बीच परगण्यात मतपत्रिका अशी छापली गेली की, उमेदवारांची नावे दोन्ही पानांवर आणि मत नोंदवण्याची भोके मधोमध एकाच रांगेत. डाव्या पानावर अल गोर यांचे नाव दुसरे, परंतु त्यांचे भोक तिसरे. दुसरे भोक उजव्या पानावरील पॅट बुकॅनन यांचे. त्या परगण्यात बुकॅनन यांना ३,४०७ मते पडली. त्यांतील पुष्कळ मते आपली नसावीत, असे खुद्द बुकॅनन यांनीही म्हटले. आणि संपूर्ण राज्याचा निकाल लागला तो ५३७ मतांच्या फरकाने! एका पानाची मांडणी चुकली आणि एका बलाढ्य राष्ट्राच्या निवडणुकीवर कायमचे प्रश्नचिन्ह उमटले.

याउलट आपल्या देशाकडे पाहा. १९५१ च्या जनगणनेत शंभरात सुमारे अठरा माणसे साक्षर होती. अशा देशात १९५१-५२ साली पहिली सार्वत्रिक निवडणूक पार पडली, ती प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र पेटी व पेटीवर त्याचे चिन्ह ठेवून. ज्यास अक्षर ओळखता येत नव्हते त्यास बैलजोडी किंवा झोपडी ओळखता येत होती. पुढे १९८२ साली केरळात प्रथम वापरले गेलेले मतदान यंत्र आले. त्यात नाव, चिन्ह आणि निळे बटण एकाच ओळीत. बटण दाबताच त्याच ओळीतील दिवा लागतो व आवाज होतो. त्या यंत्राचे रूप घडवण्यात मुंबईच्या आयआयटीतील इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरच्या अध्यापकांचा वाटा आहे. त्या यंत्रावर इतर वाद पुष्कळ झाले, त्यांत आम्ही आज शिरत नाही. परंतु शेतावरची मजूर बाई त्यापुढे उभी राहते तेव्हा ‘कोणते बटण कोणाचे’ हा प्रश्न तिला पडत नाही, हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

हे शहाणपण आपणांस परदेशातून आणावे लागले, असे मात्र कोणी समजू नये. १९५८ साली चार्ल्स व रे ईम्स हे अमेरिकन दांपत्य भारत सरकारच्या निमंत्रणावरून देशभर हिंडले आणि त्यांनी एक अहवाल सादर केला. त्यातूनच १९६१ साली अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था जन्मास आली. त्या अहवालात त्यांनी सर्वाधिक गौरव केला तो आपल्या घरातील लोट्याचा. किती पाणी मावावे, भरल्यावर तोल कोठे राहावा, डोक्यावर, कमरेवर व हातात तो कसा बसावा, पाणी कसे पडावे, आतून कसा घासता यावा, या सर्व प्रश्नांचा विचार त्यांनी लोट्याच्या निमित्ताने केला. कोणा एका माणसाने लोटा योजला नाही, अनेक पिढ्यांनी तो सुधारत आणला, हे त्यांनी ओळखले. परंतु त्या पिढ्यांनी तो कशाच्या बळावर सुधारला?

आमचे उत्तर आमच्या स्वतःच्या धंद्यातून येते. आमचे आजोबा गावचे सुतार होते. नांगराचे रुमणे बसवताना ते कुणब्याला समोर उभे करीत आणि त्याच्या उंचीस पाहून ते बेतीत. रुमणे उंच झाले तर खांदा भरून येतो, आखूड झाले तर कंबर मोडते. तसे झालेच तर तो कुणबी त्याच सायंकाळी नांगर घेऊन दाराशी उभा राही. घडवणारा आणि वापरणारा हाकेच्या अंतरावर होते, म्हणून वस्तू सुधारत गेली. बलुत्याच्या त्या पद्धतीत मानहानीही होती, खळ्यावर पदर पसरून उभे राहणेही होते. ते दिवस आम्हांस परत नकोत. परंतु वापरणाऱ्याची हाक कानी पडण्याची जी सोय तीत होती, ती कारखान्याच्या काळात आपण हरवून बसलो. आज शेगडी घडवणारा वहिनींना कधी भेटत नाही. आपली मुले आज पुण्या-बंगळुरात बसून मोबाईलवर चालणाऱ्या सोयी घडवतात. त्यांनाही वापरणाऱ्याचा चेहरा दिसत नाही.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, लोकांना हळूहळू सवय होते. सवय होते हे खरे, परंतु ती निवांतपणी उपयोगी पडते. घाई, अंधार, आजार आणि वार्धक्य यांपुढे सवय टिकत नाही, आणि अपघात नेमके त्याच वेळी होतात. दुसरा आक्षेप खर्चाचा. त्याला उत्तर म्हणून आपल्या स्वयंपाकघरातील प्रेशर कुकर पाहावा. ज्या कुकरचे झाकण आतून बसते, त्यात वाफेचा दाब असेपर्यंत तोच दाब झाकणाला घट्ट धरून ठेवतो आणि घाईत उघडू म्हटले तरी ते उघडत नाही. वेगळे कुलूप नको, वेगळी सूचना नको. चूक होऊच नये अशी घडण केली की, ती रक्षण करते. बटणे ओळीत बसवण्याऐवजी चौकोनात बसवण्यास पितळ अधिक लागत नाही, विचार अधिक लागतो.

म्हणून वस्तू घडवताना किंवा विकत घेताना चार गोष्टी पाहाव्यात अशी आमची विनंती आहे. पाहताच तिचा उपयोग कळतो काय? जेथे काम व्हावयाचे त्याच्याजवळ कळ आहे काय? काम झाले की नाही, याचे उत्तर ती देते काय? आणि हात चुकला तर ती सांभाळून घेते काय?

आता शेवटचे आणि कठीण बोलणे. या चार कसोट्या आपण आपल्याच संस्थेला लावून पाहाव्यात. चार वर्षांपूर्वी आम्ही शिष्यवृत्ती समितीवर होतो. आपला अर्ज पाच पानांचा. सह्या दोन ठिकाणी, तिसऱ्या पानावर व पाचव्यावर. जोडावयाच्या दाखल्यांची यादी अगदी अखेरीस, त्यामुळे खेड्यातील माणसास तहसील कचेरीत दुसरा हेलपाटा ठरलेलाच. त्या वर्षी एका मुलीचा अर्ज आला. वडील वारलेले, आई मोलमजुरी करणारी. तिसऱ्या पानावर आईची सही होती, पाचव्यावर नव्हती. समितीने ‘अपूर्ण’ असा शेरा मारला. बैठकीत कोणी म्हणाले, “आपल्या लोकांना साधा अर्ज भरता येत नाही,” आणि आम्ही मान डोलावली. त्या मुलीला पैशांअभावी तंत्रनिकेतनातील प्रवेश सोडावा लागला, हे आम्हांस पुढे कळले. त्या शेऱ्याखाली सही आमची आहे. वहिनींना घरातील मंडळी जे म्हणाली, तेच आम्ही त्या माउलीला म्हटले होते, हे त्या शेगडीपाशी उभे असताना आमच्या ध्यानी आले.

म्हणून आमची सूचना आहे. यंदाचा अर्ज छापण्यापूर्वी तो पाच ज्ञातिबांधवांपुढे ठेवावा: दहावीतील एक मुलगा, कारखान्यात काम करणारा एक सुतार, एक विधवा भगिनी, चष्मा लावणारे एक आजोबा आणि खेड्यातून आलेला एक पालक. समितीच्या सभासदांनी शेजारी बसावे आणि एक शब्दही बोलू नये. लेखणी जेथे अडेल तेथे अर्ज चुकला, असे समजून तो दुरुस्त करावा. मोबाईलवरून अर्ज घ्यावयाचे ठरले तर तोही असाच पारखून घ्यावा. आणि ‘अपूर्ण’ हा शेरा मारण्यापूर्वी अर्जदारास एक दूरध्वनी करावा. यास निधी लागत नाही, एक दुपार लागते.

वहिनींच्या स्वयंपाकघरात जुनी दोन बर्नरची शेगडी परत आली आहे. गेल्या होळीला त्यांनी स्वतः पुरणपोळ्या केल्या आणि आम्हांस आग्रहाने वाढल्या. त्या मुलीचे वर्ष मात्र आम्हांस परत देता येत नाही. अध्यक्षमहाराजांनी ही सूचना कार्यकारिणीच्या पुढील बैठकीपुढे ठेवावी आणि त्या पाचांच्या शेजारी बसण्याचे काम प्रथम आमच्याकडे सोपवावे, एवढी आमची प्रार्थना आहे.