महिन्यांच्या नावांतले आकाश



चैत्र म्हणजे गुढीपाडवा, कार्तिक म्हणजे तुळशीचे लग्न, एवढी महिन्यांची ओळख महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या मराठी मुलालाही असते. परंतु ही बाराही नावे आकाशातून आलेली आहेत, हे घरातील थोरांनाही अनेकदा ठाऊक नसते.

पौर्णिमेला सूर्य मावळताना चंद्र पूर्वेला उगवतो आणि रात्रभर आकाशात राहतो. त्या रात्री तो ज्या नक्षत्रात किंवा त्याच्या शेजारी असतो, त्यावरून महिन्याचे नाव पडले. चित्रेवरून चैत्र, विशाखेवरून वैशाख, मघेवरून माघ. त्या महिन्यात काय पाहावे, हे महिन्याचे नावच सांगते.

चैत्रात सप्तर्षींच्या शेपटीची कमान पुढे वाढवावी. प्रथम नारिंगी स्वाती भेटते, नंतर निळसर चित्रा. ज्येष्ठात वृश्चिकाच्या हृदयस्थानी तांबूस ज्येष्ठा दिसते. श्रावणात उघडीप मिळाली, तर ओळीतील तीन ताऱ्यांपैकी मधला तेजस्वी तारा श्रवणाचा. भाद्रपदात पूर्वा व उत्तरा भाद्रपदांच्या चार ताऱ्यांचा मोठा चौकोन उगवतो. कार्तिकात कृत्तिकांचा झुबका येतो. त्यातले साध्या डोळ्यांना किती तारे दिसतात, हे मुलांनाच मोजू द्यावे. मार्गशीर्षात मृगाच्या पोटातील तीन ताऱ्यांच्या बाणाची रेषा व्याधाकडे नेते. रात्रीच्या आकाशातील सर्वांत तेजस्वी तारा तो हाच. माघात सिंहेतील मघा, तर फाल्गुनात सिंहाच्या शेपटीकडील उत्तरा फाल्गुनी.

पौर्णिमेच्या प्रकाशात मंद तारे लोपतात. म्हणून पौर्णिमेनंतर चार-पाच दिवसांनी, चंद्र उगवण्यापूर्वी पाहणे उत्तम. प्रत्येक तारा रोज सुमारे ४ मिनिटे लवकर उगवतो; महिन्याकाठी हा फरक २ तासांचा होतो. आकाश महिन्यागणिक पालटते ते यामुळे.

येथे एक शंका मुले हमखास विचारतात. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात मृग नक्षत्र लागते, मग मृग मार्गशीर्षात कसा? पावसाची नक्षत्रे सूर्याची आहेत. जूनमध्ये सूर्य मृगात असतो. म्हणून मृग त्याच्या तेजात बुडालेला असतो आणि दिसत नाही. सहा महिन्यांनी तोच मृग रात्रभर तळपतो.

दुसरी शंका उत्तर भारतातील मराठी घरांत नेहमी निघते. शेजाऱ्यांचा श्रावण पंधरा दिवस आधी कसा सुरू होतो? त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो, मराठी महिना अमावास्येला. म्हणूनच महाशिवरात्र मराठी पंचांगात माघात येते, त्यांच्याकडे फाल्गुनात. रात्र मात्र एकच. पौर्णिमाही दोघांची एकच आणि तिच्यावरून पडलेले नावही एकच. घरच्या आणि शेजारच्या पंचांगात मुलाला विरोध वाटू नये, यासाठी एवढे समजावणे पुरेसे आहे.

शहरातील दिव्यांनी पुष्कळ तारे झाकले आहेत. तरी चित्रा, ज्येष्ठा, मघा, व्याध गच्चीवरून अजूनही दिसतात. शब्द पाठ राहिला आणि त्यामागची वस्तू विसरली, तर भाषेची केवळ टरफले उरतात. पुढच्या पौर्णिमेनंतर एका संध्याकाळी मुलाचा हात धरून गच्चीवर जावे. महिन्याचे नाव त्याला विचारावे आणि त्या नावाचा तारा त्यालाच शोधू द्यावा. त्यासाठी दुर्बीण लागत नाही. अर्धा तास आणि मोकळी पूर्व दिशा पुरते.