रंग वाळला, पण लाकूड वाळले का?

एकाच लाकडातून तासून काढलेल्या धनुष्याला हिरडा, कात, अक्रोडाची साल किंवा लोखंडाचे पाणी यांनी रंग देणारे हौशी कारागीर छटेची जेवढी काळजी घेतात, त्याच्या चौथाईनेही पाण्याची घेत नाहीत. वास्तविक घरगुती रंग बहुतेक पाण्यातलेच असतात आणि धनुष्याचे सामर्थ्य लाकडाच्या कोरडेपणावर अवलंबून असते.

धनुष्य ओढले की त्याची पाठ, म्हणजे लक्ष्याकडची बाजू, ताणली जाते आणि पोट, म्हणजे धनुर्धराकडची बाजू, दाबली जाते. धामणीसारखे चिवट लाकूड हा दाब सोसून पुन्हा सरळ होते, परंतु त्यात ओल शिरली की त्याचा ताठपणा घटतो, पोटाकडचे तंतू दबतात आणि दोरी उतरवल्यावरही धनुष्य वाकलेलेच राहते. यालाच लाकडाने बाक धरला असे म्हणतात, आणि एकदा धरलेला बाक नंतर कितीही वाळवले तरी आपोआप सुटत नाही. धनुष्याच्या लाकडात साधारणतः ८ ते १० टक्के ओल असावी असा प्रघात आहे. रंगाच्या फडक्याचा एक हात ती फारशी वाढवत नाही, मात्र मनासारखी छटा येईपर्यंत दिलेले चार-पाच हात, आणि विशेषतः टोकांच्या खाचांतून, जिथे लाकडाच्या नळ्या उघड्या पडलेल्या असतात, आत ओढले जाणारे पाणी निश्चितच वाढवते.

काळ्या रंगाचे उदाहरण घ्यावे, कारण त्यात हातांची संख्या सर्वांत अधिक असते. हिरड्याच्या काढ्यात टॅनिन, म्हणजे कातडे कमावण्यास उपयोगी पडणारे तुरट द्रव्य, भरपूर असते. त्याचा हात फिकट लाकडावर आधी द्यावा लागतो आणि त्यावर लोखंडाचे पाणी, म्हणजे व्हिनेगरमध्ये खिळे किंवा लोखंडी कीस भिजवून केलेले द्रावण, फिरवावे लागते. (त्या बरणीचे झाकण घट्ट लावू नये, कारण आत हायड्रोजन वायू तयार होत असतो.) दोन्ही द्रव्यांच्या संयोगाने तयार होणारा निळसर काळा रंग जुन्या शाईतलाच आहे. तो प्रथम केवळ करडा दिसतो आणि हवेतील प्राणवायूने लोहाचा क्षार बदलत गेल्यावर पुढे गडद होतो. ही गोष्ट लक्षात न घेता पाच मिनिटांत निराश होऊन पुन्हा हात देणारा माणूस रंग वाढवत नसून पाणी वाढवत असतो. शिवाय हा रंग अगदी वरच्या थरात राहत असल्यामुळे, धनुष्याचे दोन्ही बाहू सारखे वाकावेत म्हणून करावयाची सर्व खरवड आधीच संपलेली असली पाहिजे, नाहीतर नंतरच्या एका ओरखड्यानेही पांढरा पट्टा उघडा पडतो.

घरोघरी वाळवण घालणाऱ्या स्त्रियांना यातले मर्म निराळे सांगावे लागणार नाही. कुरडई वरून खडखडीत दिसते, बोटाला ओल लागत नाही, तरी मधल्या गुंतवळ्यात ती ओली असते आणि घाईने डब्यात भरली तर बुरसते. रंगवलेले धनुष्यही तसेच वरून कोरडे दिसते, आणि त्याला लगेच बेलतेल किंवा व्हार्निश लावणे म्हणजे ओल्या कुरडईवर झाकण घट्ट बसवणे होय. मात्र कुरडईला चालणारे कडक ऊन धनुष्याला चालत नाही, त्याने लाकूड तडकण्याचा धोका असतो. त्यास सावलीतील वारा हवा.

वाळल्याची खूण डोळ्यांनी पटत नसेल, तर ती तराजूने पटवून घ्यावी. रंग देण्यापूर्वी धनुष्य स्वयंपाकघरातील काट्यावर तोलून तो आकडा मुठीवर, जिथे पुढे चामडे गुंडाळायचे असते, तिथे पेन्सिलीने लिहावा, आणि वजन पुन्हा त्या आकड्यावर येऊन स्थिर होईपर्यंत दोरी चढवू नये. पुन्हा सांगावयाचे तर, रंग हाताला लागत नाही ही लाकूड वाळल्याची खूण नव्हे. कोकणात आषाढात हा आकडा परत मिळण्याची आशाही धरू नये, कारण तेव्हा लाकूड हवेतूनच ओल घेत असते. हे काम थंडीत किंवा उन्हाळ्यात करावे.

काळ्याखेरीज इतर रंगांपैकी हळदीचा पिवळा रंग उन्हात उडतो, म्हणून तो धनुष्यास व्यर्थ आहे. कात टिकतो, आणि अक्रोडाच्या हिरव्या सालीचा तपकिरी रंग, ज्याचे द्रव्य मेंदीच्या रंगद्रव्याच्याच कुळातले आहे, लाकडाला विशेष शोभतो. ज्यांना पाणी सर्वथा टाळावयाचे आहे त्यांच्यासाठी स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडा लाखेचा मार्ग आहे, पण त्याचे प्रमाण व हातांमधील अंतर हा स्वतंत्र भाषणाचा विषय असून येथे वेळ उरलेला नाही. एवढेच ध्यानात ठेवावे की लाखेतला तांबडा रंग चपड्यात उरत नाही, तो कच्च्या लाखेतून पाण्यानेच धुऊन काढावा लागतो, आणि त्याचा हात द्यावयाचा झाल्यास काटा पुन्हा बाहेर काढावाच लागेल.