दोष स्वभावाचा की दुखण्याचा?

तापाने आठ दिवस अंथरुणाला खिळलेला गडी ताप उतरला म्हणून लगेच नांगर धरू शकत नाही. त्याच्या पायांत बळ नसते. घरची माणसे हे ओळखतात आणि म्हणतात, “चार दिवस दमानं घे बाबा.” पण दुखणे मनाचे असले, म्हणजे आपली भाषा बदलते. “आता बरा झालास ना? मग असा काय वागतोस?” आज या प्रश्नाविषयीच आपल्याशी बोलायचे आहे.

दुखण्याचे नाव द्विध्रुवी मनोविकार. दवाखान्यात त्याला ‘बायपोलर’ म्हणतात. यात मन दोन टोकांना जाते. एका टोकाला उन्माद. माणसाला झोप नको असते, बोलणे थांबत नाही, खिशात दमडी नसता हजारांचे बेत चालतात. दुसऱ्या टोकाला खिन्नता. अंथरूण सुटत नाही, घास गिळवत नाही, जगणे नकोसे होते. या दोन्हींच्या मध्ये बरे दिवस येतात, कधी महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे. जर्मनीतील डॉक्टर एमिल क्रेपेलिन यांनी १८९९ साली या दोन्ही अवस्था मिळून आजार एकच, अशी मांडणी केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०१९ साली जगात सुमारे ४ कोटी माणसांना हा आजार होता. तो बहुधा ऐन तारुण्यात सुरू होतो. म्हणून शिक्षकांनी हे विशेष लक्ष देऊन ऐकावे.

आता मुद्द्याची गोष्ट. बऱ्या दिवसांतही काही जणांच्या बाबतीत दोन बारीक उणिवा मागे राहतात. सगळ्यांच्या राहतात असे नाही, आणि सारख्याच प्रमाणात राहतात असेही नाही.

पहिली उणीव माणसे ओळखण्याची. नाव-गाव नव्हे, मन ओळखण्याची! समोरच्याच्या चेहऱ्यावरून, आवाजावरून तो रागावला आहे की थट्टा करतो आहे, हे आपण न शिकता ताडतो. या आजारात ते ताडणे थोडे चुकते. २००६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले, की हा आजार असलेल्या मुलांना साधे, निर्विकार चेहरेसुद्धा इतर मुलांपेक्षा अधिक रागीट वाटतात. मग पाहा, गुरुजी आपल्याच विचारात गंभीर बसलेले असतात आणि मुलगी समजते, आपल्यावरच रागावले! ती उलट बोलते, किंवा दुसऱ्या दिवशी शाळेलाच येत नाही. आपण म्हणतो, “फार उद्धट झाली आहे.”

दुसरी उणीव हाताच्या चलाखीची. डॉक्टर एक सोपी तपासणी करतात. मांडीवर आधी मूठ ठेवायची, मग हाताची कड, मग तळवा, आणि हाच क्रम भराभर करीत राहायचे. या आजाराच्या काही माणसांचा क्रम चुकतो, हात अडखळतो. अर्थात कुणी घरी हा प्रयोग करून कुणाला आजारी ठरवू नये, बरे का. तो जाणत्या डॉक्टरांनी इतर गोष्टींबरोबर पाहायचा असतो.

हात आणि मन यांचा संबंध काय, असे आपण विचाराल. डोक्याच्या मागच्या बाजूस, खाली, लहान मेंदू असतो. हातापायांच्या हालचालींना मोजमाप आणि ताल देणे हे त्याचे काम. पण भावना आणि विचार यांचा तोल सांभाळण्यातही त्याचा वाटा असतो, हे १९९८ नंतरच्या संशोधनातून अधिक स्पष्ट झाले. तेव्हा या दोन उणिवा एकाच घरात आढळल्या, तर त्यात नवल नाही.

हाताच्या थरथरीचे आणखी एक कारण आहे, ते म्हणजे औषध. या आजारावर लिथियम नावाचे फार गुणकारी औषध आहे. ऑस्ट्रेलियातील डॉक्टर जॉन केड यांनी १९४९ साली उन्मादावर त्याचा गुण दाखवून दिला. त्याने काहींच्या बोटांना बारीक कंप सुटतो. चहाची कपबशी वाजते, अक्षर बिघडते, सुईत दोरा जात नाही. घरचे हसतात, माणूस शरमतो आणि गुपचूप गोळी बंद करतो. खरा घात होतो तो इथे! गोळी अचानक सुटली, की आजार उलटतो, जिवावरही बेतते. कंप सुटला तर डॉक्टरांना सांगावे. मात्रा कमी करणे किंवा दुसरा उपाय करणे त्यांच्या हाती असते.

मात्र थरथर एकाएकी वाढली, चाल झोकांडू लागली, जीभ जड झाली, उलट्या-जुलाब झाले, तर रक्तात लिथियम फार वाढल्याची ती खूण असू शकते. तडक दवाखाना गाठावा, लिथियम चालू असल्याचे सांगावे आणि पुढची गोळी विचारल्याशिवाय देऊ नये. उन्हातान्हात राबणाऱ्याने पाणी भरपूर प्यावे, जेवणातले मीठ एकदम तोडू नये, दुकानातून अंगदुखीची गोळी परस्पर घेऊ नये आणि सांगितलेल्या वेळी रक्त तपासून घ्यावे.

घरच्यांनी आणि गुरुजनांनी काय करावे? खर्चाचे काहीच नाही. डोळ्यांनी दटावण्यापेक्षा तोंडाने सरळ सांगावे, “मी रागावलो नाही, एवढं काम मात्र कर.” टोमणे टाळावेत. एका वेळी एकच काम सांगावे. लिहिण्यास थोडा अधिक वेळ द्यावा. विळा-कोयत्याचे काम देण्याआधी हात स्थिर आहे ना, ते पाहावे. आणि झोप उडू लागली, बडबड वाढली किंवा मरणाची भाषा निघाली, तर अंगारे-धुपाऱ्यांत दिवस घालवू नयेत. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे सरकारी मनोरुग्णालये आहेत. ‘टेलिमानस’ ही सरकारी सेवा २०२२ पासून आहे. १४४१६ या क्रमांकावर फुकट आणि मराठीतही बोलता येते.

तापातून उठलेल्याला आपण चार दिवस देतो. मनाच्या दुखण्यातून उठलेल्याला थोडे अधिक द्यावे, आणि त्याचा हात अडखळला तर स्वभावाला दोष देण्याआधी दुखण्याची आठवण ठेवावी, एवढेच मागणे.